आतलं अस्तर

भरली कारली करायची असली की आई, जमुनाबाई, ती दामिनीकडेच सरकवत. चमच्याच्या दांड्यानं ती कारलं आतून असं खरवडायची की बी सोडाच, पांढरा गरसुद्धा उरायचा नाही. भाजी पिकवणाऱ्या घरातली पोरगी, साफसफाईत तिच्या नादी कोणी लागत नसे. हाच गुण आता तिच्या अंगाशी आला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

अमरावतीच्या कॉलेजात ती एम.फार्म. करत होती. आकसलेली रक्तवाहिनी सैल कशी पडते, हा विषय तिनं हट्टानं मागून घेतला होता. कारण गावी, भातकुलीच्या घरीच होतं. वडिलांच्या, चंद्रभानच्या छातीत कळ आली की ते बिडी विझवत, जिभेखाली बारीकशी गोळी ठेवत, डोळे मिटत आणि थोड्या वेळानं म्हणत, "सुटलं." काय सुटलं आणि कोणी सोडलं, हे तिला कधीपासून जाणून घ्यायचं होतं.

खाटकाकडून बोकडाची रक्तवाहिनी आणायची, तिच्या बारीक कड्या कापून कोमट खारट पाण्यात तारांवर अडकवायच्या. आकसवणारं औषध टाकलं की कडी तार ओढते, पडद्यावरची रेघ चढते. इथवर सगळं झकास व्हायचं. मग असिटिलकोलीन हे सैल पाडणारं द्रव्य टाकलं की रेघ उतरायला हवी. दामिनीची उतरतच नव्हती. कधीकधी तर उलट जराशी चढायची.

"शुक्रवारपर्यंत कडी सैल पडली नाही तर विषय बदलू," तिच्या मार्गदर्शक सत्यवती मॅडम म्हणाल्या. "मेलेल्या स्नायूवर प्रबंध लिहिता येत नाही."

शेजारच्या टेबलावर अकोल्याचा शुभम होता. त्याच्या टेबलाकडे बघवत नसे, आणि त्याची रेघ मात्र सुरेख उतरायची. दामिनीला ते फार लागलं.

"तुयं काय चुकून राहिलं, मले तं समजत नाई," तो म्हणाला. "मी तं तुयाएवढं पुसत बी नाई."

तिला राग आला, पण रागापेक्षा कुतूहल मोठं होतं. वाहिनीच्या भिंतीतला स्नायू मेला असता तर त्यानं तार ओढली कशी? ओढण्याची रीत तिला पाठ होती. कॅल्शियम पेशीत शिरतं आणि कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. ती जोडी एका एन्झाइमला जागं करते. ते एन्झाइम मायोसिनवर फॉस्फेट बसवतं, आणि मग मायोसिन शेजारच्या ॲक्टिनच्या धाग्याला धरून ओढू लागतं. म्हणजे हे सगळं शाबूत होतं. अडत होतं ते सोडण्यापाशी.

गुरुवारी तिला वडिलांची गोळी आठवली. तिनं कपाटातून तेच औषध, नायट्रोग्लिसरीन, काढलं आणि आकसलेल्या कडीवर थेंब सोडला. रेघ सरळ तळाला गेली. स्नायूला सोडता येत होतं. मग असिटिलकोलीननं सांगितलेलं तो ऐकत का नव्हता?

तिची नजर चिमट्यावर गेली. चिमट्याला कापूस होता, आणि त्या कापसानं ती प्रत्येक कडी आतून लख्ख पुसत आली होती.

शुक्रवारी तिनं एकाच रक्तवाहिनीच्या दोन कड्या घेतल्या. एक नेहमीसारखी पुसली. दुसरी तशीच ठेवली, त्यासाठी तिला हात अक्षरशः आवरावा लागला. दोन्हींवर असिटिलकोलीन टाकलं. पुसलेलीची रेघ वरच राहिली. न पुसलेलीची हळूहळू खाली आली.

मॅडमनी दोन्ही रेघा पाहिल्या. "आत पेशींचं एकपदरी अस्तर असतं," त्या म्हणाल्या. "असिटिलकोलीन स्नायूला काही सांगत नाही, अस्तराला सांगतं. अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं. तो स्नायूत झिरपला की तिथलं कॅल्शियम उतरतं, मायोसिनवरचं फॉस्फेट निघतं आणि पकड सुटते. तू निरोप्यालाच पुसून टाकत होतीस."

"आणि नायट्रोग्लिसरीन?"

"त्याच्यातूनच तो वायू मिळतो. त्याला अस्तर लागत नाही. अशा पुसलेल्या कड्याही मुद्दाम करत जा. कुठलं औषध अस्तरामार्फत चालतं आणि कुठलं थेट, ते याच सांगतील. विषय तुझाच."

दामिनीला इतका आनंद झाला की तिनं शुभमचंही टेबल पुसून दिलं.

रविवारी ती भातकुलीला गेली. दुपारी वांग्याच्या वाफ्यातून येता येता चंद्रभान बांधावर टेकले, बिडी विझवली, गोळी जिभेखाली ठेवली. तिला आता ते आतून दिसत होतं. कापसानं तिनं एका क्षणात अस्तराचं जे केलं होतं, तेच बिडी वर्षानुवर्षं करत आली होती.

"सुटलं," चंद्रभान म्हणाले.

तिनं त्यांच्या खिशातून बिडीचं बंडल काढून घेतलं.

"काहून?"

"बाबा, या गोळीतून जे भेटते ना, ते तुमच्या आंगातच बनते. जे बनवते त्याले तुमी रोज खरवडून राहिले. मी बी तेच करून राहिली होती, बोकडाच्या नळीले. मले माईत नोतं."

चंद्रभाननी विझवलेली बिडी बांधाखालच्या मातीत दाबली. मग त्यांनी दुसऱ्या खिशातली काडेपेटीही काढली आणि तिच्या हातावर ठेवली.