घरचं औषध

माझी चौथी केमो बांबोळीच्या इस्पितळात सोमवारी सकाळी होती. सरपंच मोकळे होते म्हणून त्याच सकाळी आमच्या थोरल्या दिरांनी, बाबलीभावोजींनी, मुळगावच्या देवळाच्या मंडपात आपल्या लेकीचा सत्कार ठेवला. गौरवी पुण्याला प्रयोगशाळेत असते. शरीरातल्या राखणदार पेशी अतिबारीक पिशव्या सोडतात आणि त्यांतला माल कॅन्सरशी लढायला मदत करतो. त्या पिशव्यांचा ती अभ्यास करते. भावोजींनी अभ्यास तेवढा वगळला. उचलली जीभ लावली टाळ्याला. "आमच्या चेडवान कॅन्सराचा वखद काडला!" पोरीनं कॅन्सरचं औषध शोधलं, असं गावभर झालं.

मी केमोचं काढलं, तर भडकले. "घरात वखद आसताना तू भायर विष घेतलंय? लोक काय म्हणतले?"

मी पहिल्या रांगेत बसायचं आणि हसायचं, असं ठरलं. इस्पितळात न्यायची गाडी भावोजींची. नवरा भिकाजी जन्मात दादापुढे बोललेला नाही. बायकोच्या कॅन्सरसाठी कशाला सुरुवात करील! मला जगायचं होतं, पण ते कुणी विचारलंच नाही.

शाल, नारळ, भाषणं झाली. गौरवी उठली. "या पिशव्यांनी उंदरांच्या गाठी लहान झाल्या. माणसांसाठी औषध व्हायला खूप वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही." उंदरांच्या पुढचं कुणी ऐकलं नाही. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात तिनं मला पाहिलं.

"काकी, आज तुजी केमो मगो? तू हंय मंडपात कित्याक?"

"तुज्या वखदाची वाट बघतंय."

मंडप हसला. तिचा चेहरा उतरला. "पपा, गाडयेची चावी दी."

"सरपंच बसल्यात गो! आनी उंदीर बरे जाले मगे?"

"भावोजी, माका शेपडी नाय," मी म्हटलं.

भिकाजीनं सवयीनं दादाकडे पाहिलं. गौरवीनं बापाच्या खिशातून चावी काढली आणि मला गाडीत बसवलं.

गाडी सुरू झाली, तर मागे माइकवर भावोजी. "बघा! डॉक्टर स्वता पेशंटाक घेवन गेली. वखद आजपासून सुरू!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची जानकी धावत खिडकीशी आली.

"वखदाच्या यादीत आमच्या रघुनाथाचा नाव घाल गो बाय. त्याची बुधवारची केमो मी रद्द करतंय."

मला उशीर होत होता. तरी मीच चावी फिरवून गाडी बंद केली.

"जा गो," मी गौरवीला म्हटलं, "आदी बापाशीच्या हातातलो माइक काडून घे."