झाकण सैल ठेवा

मी एक जुना निळा ड्रम आहे, मित्रांनो. प्लॅस्टिकचा, पोट सुटलेला, एका अंगाला चेपलेला. माझ्याजवळ येणारा माणूस आधी नाकाला रुमाल लावतो आणि मगच बोलतो. त्याचं मला काही वाटत नाही. माझं दुखणं वेगळंच आहे. मला स्वस्थ म्हणून बसता येत नाही, अगदी जन्मापासून.

कारखान्यातल्या साच्यातून निघालो तेव्हा मी चांगला गुळगुळीत होतो. माझ्यात पातळ साबण भरला आणि मला ट्रकवर चढवलं. किती रस्त्यांची धूळ खाल्ली, विचारू नका. साबण संपला, तशी माझी किंमतही संपली. मग कुणीतरी मला मोठ्या तलावाच्या काठी नेऊन एका तराफ्याखाली बांधलं. दिवसभर वर-खाली, वर-खाली. एकदा वादळात दोर तुटला आणि मी भरकटत तलावातल्या बेटाला लागलो. तिथे एका बाईने कमरेएवढ्या पाण्यात उतरून मला ओढून काढलं. सगळं बेट तिला मावशी म्हणतं. माझं चेपलेलं अंग थोपटून ती म्हणाली, चालेल हा. इतक्या वर्षांत मला चालेल म्हणणारी ती पहिलीच.

बेटावर मोजकी घरं आणि जमीन सगळ्यांची मिळून. पूर्वी तिथे एकच पीक रसायनांचा मारा करून घेत असत. माती दमली, मग दगडासारखी झाली आणि उरलीसुरली वाहून तलावात गेली. तिच्यावर पोसून पाण्यात जलपर्णी माजली. शेवटी सगळ्यांनी बसून ठरवलं, की आता विकतचं औषध नको. तलावाने जे नेलं ते तलावाकडूनच परत आणायचं. जलपर्णी उपसून तिचं खत करायचं. सखल भागातले वाफे हळूहळू सुधारले. राहिला उत्तरेकडचा उतार. त्याला सगळे टकल्या म्हणत. त्याच्या वाटेला कुणी जाईना, तेव्हा मावशीने तो अंगावर घेतला.

त्या टकल्यासाठी मी कामाला लागलो. माझ्यात शेण, सडकी फळं, मासळीचा कचरा आणि जलपर्णी घालून पाणी भरलं. दोन दिवसांत पोटात जी खळबळ सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही. मला रोज ढवळावं लागतं आणि झाकण नुसतं टेकवून ठेवावं लागतं, म्हणजे आतला वायू बाहेर पडतो. ढवळायची पाळी घराघरांत फिरते. आज ज्याने ढवळलं, त्याने काठी झाकणावर ठेवायची आणि तिची मूठ पुढच्या घराकडे करायची. मूठ आपल्या दाराकडे दिसली की उद्या आपण. आतलं पातळ खत तयार झालं की मावशी उताराचं राखून बाकीचं वाटून टाकायची. जो तो बाटलीभर घरच्या कुंड्यांना, वेलांना नेई आणि मग माझं कौतुक करी. वासासकट.

मावशीचे थोरले भाऊ होडी चालवतात, म्हणून सगळे त्यांना नावाडीभाऊ म्हणतात. त्यांना हे सगळं पटत नव्हतं. त्या उतारावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला शहरातली काही मंडळी तयार होती. खोल्या झाल्या की होडीला उतारू मिळतील आणि शहरात गेलेले आपले लेक-जावई परत येतील, अशी त्यांना आस होती. मित्रांनो, त्यांचं अगदीच चूक होतं असं मला म्हणवत नाही. मावशीने या पेरणीपुरता वेळ मागितला होता. उतार तिच्याकडे ठेवायचा की खोल्यांना द्यायचा, हे मंडळी जागा बघून गेल्यावर सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं होतं.

मंडळी येणार म्हणून चार दिवस आधीच नावाडीभाऊंनी मला बाहेरून नीटनेटकं केलं. माझ्या वासाची त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी झाकण गच्च आवळलं, वर ताडपत्री बांधली आणि काठी नेऊन होडीत टाकली.

झालं. काठीच नाही तर पाळी कुणाची, कळणार कसं? प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने ढवळलं असेल. मी आत नुसता घुसमटत होतो. पोट तटतटलं, बूड गोल झालं, जीव टांगणीला लागला. कुणीतरी झाकण उघडा, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण ड्रमला कोण विचारतो?

मंडळी आली तेव्हा मावशी ठेवणीतली साडी नेसून त्यांना उतार दाखवायला निघाली होती. माझ्याजवळून जाताना ती थबकली. काठी जागेवर नव्हती. तिने ताडपत्री ओढली, मला पाहिलं आणि पाहुण्यांना तिथेच सोडून झाकणाला हात घातला. पुढचं सांगायला नको. साडी गेली, केस माखले, पाहुण्यांची पळता भुई थोडी झाली. नाक दाबून का होईना, पण त्यांनी जागा पाहिली आणि पसंत आहे म्हणून निरोप ठेवला.

मावशीने माझ्यात वाकून वास घेतला. एरवीचा आंबूस वास नव्हता, कुजका होता. सगळं नासलं होतं. पेरणी तोंडावर आली होती आणि नव्याने आंबवायला महिना तरी हवा. संध्याकाळी सगळे हात वर करून ठरवायला जमले, तेव्हा ती मला आडवं करून धूत होती.

मग शिवणकाम करणाऱ्या काकू पुढे आल्या. हातात बाटली होती.

"हे तुझंच आहे. माझ्या दुधीला नेलं होतं. विरजण म्हणून चालेल का बघ."

विरजण घातलं तर आठवड्यात काम होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकेक जण घरी जाऊन आला. कुणी बाटली आणली, कुणी डबा, कुणी तळाशी उरलेलं भांडंभर. सर्वांत शेवटी नावाडीभाऊ उठले. होडीवर त्यांनी डब्यात एक मिरचीचं रोप लावलं आहे. त्याच्यासाठी लपवून ठेवलेली बाटली ते घेऊन आले.

"झाकण मी आवळलं होतं," ते म्हणाले. "लाज वाटली मला वासाची."

"मला सांगायचंस ना, दादा," मावशी म्हणाली. "मी त्यांना दुसऱ्या वाटेने नेलं असतं."

त्यांनी बाटली माझ्यात रिकामी केली. होडीतून काठी आणली, घाम फुटेस्तोवर ढवळलं आणि काठी झाकणावर ठेवताना मूठ आपल्याच घराकडे केली. उद्याही मीच, असा त्याचा अर्थ. हात वर करून मोजायचं त्या दिवशी राहिलं, ते राहूनच गेलं. सगळ्यांचे हात भरलेले होते.

आता टकल्यावर मातीला कस देणाऱ्या तागाचं हिरवं आलं आहे. सगळीकडे नाही. निम्मं डोकं अजून उघडंच आहे, आणि नावाडीभाऊंची लेकही अजून आलेली नाही. म्हणून माझ्या पोटातली खळबळ काही शमत नाही. मित्रांनो, मला घासूनपुसून कोपऱ्यात ठेवू नका. रोज या, ढवळा आणि झाकण सैल ठेवा. आणि जाताना काठीची मूठ कुणाच्या दाराकडे आहे, तेवढं बघून जा. कदाचित तुमच्याच असेल.