पेअरच्या लाकडाच्या चिपळ्या

सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरातल्या वादळात साउथहॅम्प्टनमधली बरीच झाडं आडवी झाली. त्यांतलं एक पेअरचं झाड डॉ. शशिधर देवस्थळींच्या बागेत, मधल्या कुंपणासकट, येऊन पडलं. झाड शेजारच्या मिस्टर हॉबडे यांचं होतं. सहा वर्षांच्या शेजारात दोघं बोलले होते ते फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल.

मराठी मंडळाच्या भजनाला चिपळ्या नव्हत्या. शैलाताई दोन चमचे वाजवून वेळ भागवत. शशिधर हाडांचे सर्जन. लाकूड आयतं दारात आलेलं बघून त्यांनी मिस्टर हॉबडेंकडून एक फांदी मागून घेतली.

"आठवड्याला चार खुबे बदलतो मी," ते बायकोला म्हणाले. "चिपळ्यांचं काय एवढं?"

"खुबे तयार मिळतात," सुनीती म्हणाली.

दोन फळ्या कापून, आतून सपाट, बाहेरून गोल करून, खाचांत पितळी वॉशर बसवायला तीन शनिवार गेले. मिस्टर हॉबडेंची हयात बोटींच्या सुतारकामात गेलेली. कुंपण होतं त्या जागी उभे राहून ते बघत असत. तिसऱ्या शनिवारी त्यांनी तोंड उघडलं.

"ओलं आहे ते."

"वाळवतो ना."

"वर्षभर?"

"वीकेंडभर," शशिधर म्हणाले, आणि चिपळ्या बॉयलरच्या उबदार कपाटात टॉवेलांवर नेऊन ठेवल्या.

दत्तजयंतीला, तिसऱ्या भजनात, एक चिपळी उभी फुटली. अर्धा तुकडा उडून रश्मीवहिनींच्या शिऱ्याच्या पातेल्यात पडला. कोणी थांबलं नाही. शशिधरांनी उरलेली चिपळी मांडीवर आपटत भजन पुरं केलं. मांडी आठवडाभर दुखत होती. हे त्यांनी हॉस्पिटलमध्ये कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते तुकडे घेऊन शेजारी गेले. मिस्टर हॉबडेंनी ते खिडकीच्या उजेडात धरून एक्स-रे बघावा तसे बघितले.

"माणसांचंही असंच करता तुम्ही?"

"हाडं ओलीच असावी लागतात."

म्हाताऱ्याला हे पटलेलं दिसलं. त्यांनी शेडचं दार उघडलं. आत त्याच झाडाचे चार तुकडे, तडकू नयेत म्हणून टोकांना मेण लावून, फळीवर ओळीने मांडले होते.

"बायकोने लावलेलं झाड," ते म्हणाले. "जाळवेना. करायचं काय, तेही सुचेना."

मग वर्षभर दोघं वाट बघत बसले. दर शनिवारी शशिधर जात, तुकडे किचनच्या काट्यावर ठेवून वजन वहीत लिहीत आणि चहा पीत. लाकूड हलकं होत गेलं. नोव्हेंबरात वजन घटायचं थांबलं, तेव्हा मिस्टर हॉबडेंनी शशिधरांच्या हातात करवत दिली आणि त्यांना इतक्या वेळा थांबवलं, की एका जोडीला पाच आठवडे लागले. दुसरी जोडी मिस्टर हॉबडेंनी स्वतः दोन दिवसांत केली.

अठ्ठ्याऐंशीच्या दत्तजयंतीला मिस्टर हॉबडे टाय लावून आले. शशिधरांशेजारी, गुडघे वळेनात म्हणून खुर्चीवर बसले आणि आपली जोडी वाजवू लागले. आवाज खणखणीत होता. ठेका मात्र दर वेळी जरासा मागून येई. तबल्यावर मोहन होता. त्याने एकदा शशिधरांकडे बघितलं. शशिधर समोर बघत राहिले. मग मोहनने लय उतरवली, पेटीने उतरवली, सगळ्या मंडळाने उतरवली.

त्या वर्षी भजन पाऊण तास लांबलं.