वाटणीत मी तळमजल्याला

मी बँडमधला मोठा ड्रम बोलतोय. आवाज चढलेला वाटला तर वाटू दे. ज्याचा जन्मच मार खाण्यासाठी, त्याला कुणी मारत नाही म्हणून तक्रार करायची वेळ आलीय. हसा हवं तर.

एका अरुंद गल्लीतल्या दुकानात मी तयार झालो. कारागिराने लाकडाचं कडं वाकवलं, दोन्ही बाजूंना कातडं ताणलं, एक टोला दिला आणि म्हणाला, "हा शाळेतच शोभेल. घरात ठेवला तर शेजारी पोलिसांत जातील." असा मी शहरातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी हायस्कुलात आलो.

वर्ग खच्चून भरलेले, नळाला पाणी असलं तर असलं, आणि निम्म्या पोरांची नावं शिक्षकांना ठाऊक नसायची. खोटं कशाला बोलू? पण पोरं ढीगभर, म्हणून बँडला कधी माणसं कमी पडली नाहीत. बँडमास्तर मैदानावर ओरडायचे, "अरे, पाय तरी एकत्र टाका! सुराचं मग बघू!"

काडी तेव्हा झांजा वाजवायची. अंगाने इतकी बारीक की हे नाव तिला आपसूक चिकटलं. डोळा मात्र माझ्यावर. "मास्तर, मला मोठा ड्रम कधी?" ती रोज विचारायची.

"आधी त्याच्याएवढी हो!"

शेवटी मास्तरांनी कबूल केलं, पुढच्या वर्षी ड्रम तुझा. आणि त्याच सुट्टीत शाळा बंद झाली.

निकाल वाईट लागतो, एवढ्या गर्दीत मूल हरवतं, असं शिक्षण खात्याच्या साहेबांनी ठरवलं. इमारत तीच, पण चार मजल्यांवर चार छोट्या शाळा. चार मुख्याध्यापक, चार रंगांचे गणवेश. बरीच पोरं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत गेली. तिथे आता बाकावर बसायला जागा नाही. काडीच्या आईने तिथेही खेटे घातले. मोठ्या ड्रमसाठी आमच्याकडे आधीच रांग आहे, असं उत्तर मिळालं. मग काडी इथेच दुसऱ्या मजल्यावर राहिली.

पुढे सामानाची वाटणी झाली, अगदी न्यायाने हं! मी तळमजल्याला. बिगुल पहिल्याला. झांजा आणि बासऱ्या दुसऱ्याला. छोटे ड्रम तिसऱ्याला, आणि त्यांच्याच गठ्ठ्यात माझी काठीही वर गेली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो, दोघांना सायकल वाटून देताना एकेक चाक देता का?"

"सगळ्यांना सारखं मिळालंय ना मास्तर? मग झालं!" साहेब म्हणाले. मास्तरांना तिसऱ्या मजल्यावर भूगोल दिला.

बरं, एकत्र सराव करावा, तर जिन्यावर गर्दी नको म्हणून प्रत्येक मजल्याची मधली सुट्टी वेगळी. काडी खाली आली की शिपाईमामा आडवे. "तुझा मजला कुठला? वर हो पाहू."

"मामा, नुसता ड्रम बघून येते."

"बघायला काय, पळून जातोय तो?"

पळता आलं असतं तर इथे थांबलो असतो का? मला आडवा करून माझ्यावर कुंड्या ठेवल्यात. रोज पाणी घालतात, तेही कातड्यावर ओघळेल असं! छोट्या शाळेत बाई काडीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतात, हे चांगलं आहे, मान्य. पण तिला काय हवंय, ते एकदा तरी विचारा की.

परवा नव्या शाळांना वर्ष झालं म्हणून समारंभ होता. साहेबांना बँड हवा होता. चारही मजल्यांवरून वाद्यं आणि पोरं खाली आली. मास्तरांनी काडीच्या गळ्यात माझा पट्टा घातला, हातात काठी दिली. मी तर हरखूनच गेलो.

तेवढ्यात तळमजल्याच्या मुख्याध्यापिका आल्या. "सराव झालेला नाही, उगाच फजिती नको. स्पीकरवर रेकॉर्ड लावू. तुम्ही नुसतं वाजवल्यासारखं करा. आणि ड्रमवाली, काठी लागू द्यायची नाही हं."

स्पीकरवर कुठला तरी परका बँड सुरू झाला. काडी काठी उगारायची आणि वीतभर अलीकडे थांबवायची. पुन्हा उगारायची, पुन्हा थांबवायची. मार ना ग एकदा, म्हणून मी आतल्या आत तडफडलो. पण पोर शहाणी, सांगितलेलं ऐकणारी.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "छान वाजवलंस!"

"मी वाजवलंच नाही, सर."

"असं नाही म्हणायचं. आत्मविश्वास हवा," असं म्हणून साहेब फोटोला गेले.

मी पुन्हा कुंड्यांखाली आहे, काठी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. फोडलेली शाळा जोडा, असं मी म्हणत नाही. माझं कोण ऐकतंय? पण आठवड्यातून एकदा चारही मजल्यांची सुट्टी एका वेळी करा. घंटाच तर वाजवायची आहे. माझी काठी खाली आणा आणि त्या पोरीला जिन्यात अडवू नका. तिचं हे शेवटचं वर्ष आहे. उन्हाळ्यात ती गेली, की मी कधी मिळणार असं विचारणारं या इमारतीत कुणी उरणार नाही.