हम्मूची पाटी, तुडाची अंडी

"पोरीला काय करायचंय वाचून? शेळ्यांना हाका मारायला अक्षरं लागत न्हाईत!" असं म्हणून फकीह सी बुजमांनी तुडाची लाकडी पाटी गावच्या भट्टीत घातली. मशिदीतल्या शाळेत तेच शिकवत, त्यामुळं त्यांना अडवणार कोण?

तुडाची आई इट्टो, माझी शेजारीण, रडली नाही. "सी बुजमा, ह्या पाटीची भरपाई तुमच्याच हातानं घेईन," एवढंच बोलली.

इट्टोचा बाप पलीकडच्या खोऱ्यात फकीह होता, तिला सगळं येत होतं. ऑलिव्ह वेचता वेचता ती लेकीला शिकवायची. "अरबी अक्षराच्या डोक्यावर रेघ? तोंड उघड, ब. पायाशी रेघ? दात दाखव, बि. डोक्यावर गळासारखा वाकडा आकडा? ओठांचा चंबू कर, बु." पोर भराभर वाचायला लागली.

मग एकदा इट्टो मला म्हणाली, "म्हाताऱ्याचा नातू हम्मू आमच्याच टेकडीवर शेळ्या आणतो. छडीच्या धाकानं त्याची बोबडी वळती. तुडाला सांगितलंय, शिकव त्याला."

"ज्यानं पाटी जाळली त्याच्या नातवाला?"

"त्याच्याच. पाटीची मिरवणूक तर येऊ दे!"

वसंतात पोराची पाटी मेंदीनं रंगवून दारोदार नेतात. पोर वाचतं, घरची बाई अंडं देते आणि सगळी अंडी शिकवणाऱ्याला मिळतात. फकीह टोपली मिरवत नातवामागं चालले होते. इट्टोच्या दारात हम्मूनं तोंड उघडून, दात दाखवून, चंबू करून पाटी घडाघडा वाचली.

"शाब्बास! कुणी शिकवलं रं?" इट्टोनं विचारलं.

"तुडानं. आजा मारतो, तुडा मारत न्हाई."

"खोटं बोलतोय कार्टं!" फकीह ओरडले.

"मग दात दाखवून, चंबू करून वाचलं ते काय तुमच्या छडीनं शिकवलं?" इट्टो दारातून हलली नाही. "शिकवंल त्याची अंडी, हे तुम्हीच सांगता न्हवं? ठेवा टोपली."

"ठेवा की!" दारात जमलेल्या बाया ओरडल्या. सगळ्यात मोठ्यानं मी ओरडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

म्हाताऱ्यानं टोपली उंबऱ्याशी ठेवली.

थोडी अंडी सुताराला देऊन इट्टोनं तुडासाठी नवी पाटी करून घेतली. उरलेली आम्ही बायांनी त्याच भट्टीत भाजून खाल्ली आणि टरफलं मुद्दाम फकीहांच्या दारासमोर टाकली.