पेरोनला पाहिलेली माणसं

आपल्या सर्बियातल्या किकिंदा गावात साठीच्या आसपासचा कुठलाही माणूस गाठा. १९७८च्या सप्टेंबरातल्या त्या शनिवारी जिमखान्याच्या हॉलमध्ये आपण 'सेवेर्नी पेरोन'चा कार्यक्रम पाहिला, असं तो छातीवर हात ठेवून सांगेल. हॉल तीनशे माणसांचा. पाहिलेली माणसं, गोयको पोस्टमनच्या अंदाजानं, निदान चार हजार. दुसरा एखादा बँड असता तर लोकांनी कबूलही केलं असतं, की नाही बुवा जमलं त्या दिवशी. पण पेरोन म्हणजे पेरोन. देशाचे तुकडे झाले, नोटांवरची शून्यं वाढली आणि उडाली, बँडमधले तीन ड्रमर बदलले, पण ब्राना नावाचा तो घोगऱ्या गळ्याचा गडी चव्वेचाळीस वर्षं गिटार अडकवून उभा आहे तो आहेच.

या चार हजारांत मानाचं पान ल्युबिंकाचं. तिचं लोकरीचं दुकान आहे आणि ती पेरोनच्या चाहत्यांच्या मंडळाची अध्यक्ष आहे. आपल्याकडे प्रत्येक घर आपल्या संताच्या दिवशी स्लावा साजरी करतं, तशी मंडळानं पेरोनची स्लावा सुरू केली होती. दर तेवीस सप्टेंबरला, त्या कार्यक्रमाच्या तारखेला, ल्युबिंकाच्या घरी मेणबत्ती लागायची, साखर घातलेले शिजवलेले गहू वाटले जायचे, राकिया दारूची बाटली फिरायची. पाद्रीबुवांच्या कानावर हे गेलं नाही हे सगळ्यांचंच नशीब. पहिली तबकडी वाजून संपली की ल्युबिंका खुर्ची पुढे ओढायची आणि तो कार्यक्रम सांगायची. पाऊण तास. चौथ्या गाण्याला दिवे कसे गेले, लोकांनी काड्या कशा पेटवल्या, माइक मुका झाला तरी ब्राना अंधारात कसा गात राहिला, आणि पहिल्या रांगेत पिवळा ब्लाउज घालून ती कशी रडली. सगळ्यांना ते पाठ होतं. काही गाळलं तर ओरडायचे, "अगं, पिवळा ब्लाउज राहिला!"

आता खरं सांगायचं तर ल्युबिंका त्या कार्यक्रमाला गेलीच नव्हती. त्या शनिवारी ती मोक्रीनला आजीच्या अंगणात प्लमच्या मुरंब्याची कढई ढवळत होती. ती कढई एकदा चुलीवर चढली की सोडता येत नाही, मग गावात ब्राना येवो नाहीतर मार्शल टिटो. कार्यक्रम पाहिला तिच्या मावसबहिणीनं, आणि ती पुढं ऑस्ट्रेलियाला निघून गेली. चार वर्षांनी कुणीतरी विचारलं, "तू होतीस का गं?" आणि ल्युबिंकाच्या तोंडून निघून गेलं, "होते ना!" एकदा होते म्हटल्यावर नव्हते कसं म्हणणार?

चाळीस वर्षं निभावलं. आणि यंदा भोपळ्याच्या जत्रेला पेरोन पुन्हा किकिंदात येणार असं जाहीर झालं. वर ब्रानाच्या मॅनेजरचा निरोप आला, की त्या पहिल्या कार्यक्रमाला हजर असलेल्या बाईंनी शनिवारी स्टेजवर येऊन दोन शब्द सांगावेत. ल्युबिंका आठवडाभर हवेत तरंगली. तोच औषधांच्या दुकानातली यास्मिना धावत आली. "अध्यक्षबाई, बातमी ऐकलीत? फोटोवाल्या पालच्या माळ्यावर फिल्म सापडली! त्या कार्यक्रमाची! अकरा मिनिटांची! गुरुवारी दुपारी वाचनालयात दाखवणार आहेत. तुम्ही पहिल्या रांगेत म्हणजे दिसणारच की!"

ल्युबिंकाच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुवारपर्यंत तिला जेवण गेलं नाही. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो गोटा ती कपाळावर आत्ताच चाचपत होती. आणि भीती नुसत्या फजितीची नव्हती. ही माणसं, ती मेणबत्ती, ते गहू, यांच्याशिवाय तिला दुसरं गोत नव्हतं. उद्या त्यांनी तोंड फिरवलं तर तेवीस सप्टेंबरला ती कुणाला काय सांगणार होती?

तिचा नवरा वेलिमिर अग्निशमन दलातला निवृत्त बंबवाला. तोंड मिटून राहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला पेरोनचं वेड नव्हतं, पण स्लावेच्या दिवशी कोपऱ्यात बसून शेवटपर्यंत ऐकायचा, मग बशा विसळायचा. खोटं त्याला जमतच नसे. बाजारात आपलीच कलिंगडं विकायला बसला तरी गिऱ्हाइकाला सांगायचा, "ही जरा पाणचट निघालीत हं यंदा." त्याला ल्युबिंकानं यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कुठल्या तोंडानं?

गुरुवारी वाचनालयात पंचवीसेक माणसं जमली. मॅनेजरही आला होता. पडदे ओढले, आणि भिंतीवर तो हॉल उजळला. आवाज नव्हता. केसांचं जंगल झालेला ब्राना तोंड वासून गात होता. मग कॅमेरा प्रेक्षकांवर वळला. हॉल अर्धा रिकामा होता. ऐंशी-नव्वद डोकी, बाकी खुर्च्या. पहिल्या रांगेत तीन शिपाई आणि शेंगदाणे खाणारा एक म्हातारा.

"आणि हा कोण?" यास्मिना ओरडली. स्टेजच्या बाजूला हेल्मेट घातलेला, काठीसारखा ताठ एक बंबवाला. पाठ ब्रानाकडे, तोंड लोकांकडे. "अरे देवा! हा तर आपला वेलिमिर!"

एकच गिल्ला झाला. लोक त्याची पाठ थोपटायला लागले, तो मान खाली घालून बसला. ल्युबिंका त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे हा माणूस तिथं होता. याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

दिवे लागले. गोयकोनं डोकं खाजवलं. "पण ल्युबिंका, तू कुठं दिसली नाहीस ती?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती काही बोलणार तेवढ्यात वेलिमिर उठला. कान लालबुंद. "खांबाच्या मागं होती," तो म्हणाला. "पिवळ्या ब्लाउजमध्ये. मी पाहिलं."

उभ्या जन्मात कलिंगडाबद्दल खोटं न बोललेला माणूस! ल्युबिंकाला ते सोसलं नाही.

"बस खाली वेलिमिर," ती उठून म्हणाली. "लोकहो, तो खोटं बोलतोय, आणि माझ्यासाठी बोलतोय. मी नव्हते. मी मोक्रीनला मुरंबा ढवळत होते. बहिणीनं सांगितलं ते मी तुम्हाला चाळीस वर्षं सांगितलं. आता काय बोलायचं ते बोला."

गोयको खोकला. "मी पण... म्हणजे, मी तेव्हा तिकडे दूर बितोलाला लष्करात होतो."

"गोयको! तू तर ब्रानाला पाणी दिलं होतंस ना?" यास्मिना किंचाळली.

"दिलं असतं गं. असतो तर."

तिथून जे हसू फुटलं ते आवरेना. मॅनेजर डोळे पुसत म्हणाला, "ते सगळं ठीक, पण शनिवारी स्टेजवर कोण? हे हेल्मेटवालेच आले पाहिजेत. खरे साक्षीदार तेच!"

"मी? मला काय माहीत?" वेलिमिर म्हणाला.

"अहो, समोर उभे होतात तुम्ही!"

"पाठ करून. ड्युटीवर बंबवाल्यानं स्टेजकडे बघायचं नसतं, लोकांकडे बघायचं. म्हणून तर कोण होतं नि कोण नव्हतं ते मला पक्कं ठाऊक."

"आणि दिवे गेल्यावर लोकांनी काड्या पेटवल्या, ते तरी खरं का?" गोयकोनं विचारलं.

"काड्या? माझ्या ड्युटीवर? एकेकाचा कान उपटला असता." मग त्यानं बायकोकडे पाहिलं. "ही सांगते तेव्हा मात्र मी पेटवू देतो."

ल्युबिंका त्याच्याकडे वळली. "चाळीस वर्षं ऐकलंस. एकदा तरी म्हणायचं होतंस मेल्या, की बाई, तू नव्हतीस."

"आणि तू सांगायची थांबली असतीस म्हणजे?" वेलिमिर म्हणाला. "तिथं उभा राहूनही मला काही दिसलं नव्हतं. मी तो कार्यक्रम पाहिला तो तुझ्याकडनं. शनिवारी तूच जा. मला अजून पाहायचाय."