भुताची बाजू

रामरावांनी चष्मा नाकावर चढवला, घसा खाकरला आणि भुताचा आवाज काढून पुस्तक वाचायला सुरुवात केली. बद्रीशेट पोट धरून हसले. जुन्या जालन्यातल्या वाचनालयाची कमिटी या दोघांचीच. भुताखेतांची पुस्तकं कपाटातून काढून बद्रीशेटच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला द्यायची, हे त्यांचं आधीच ठरलेलं. ग्रंथपाल नरहरपंतांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, एवढा उपचार उरला होता. निजामाच्या राज्यात मराठी वाचक आधीच मूठभर, आणि त्यांना वाचनालयाची पायरी चढायला लावलं होतं ते याच पुस्तकांनी. पण ऐकतो कोण?

"साहित्य म्हणता ह्याला?" रामराव म्हणाले. "पोरांच्या मनात भीती भरून राह्यले तुम्ही."

"भीती आधीचीच असते, रामराव. माणसाला जे चारचौघांत बोलता येत न्हाई, ते भुताच्या तोंडून येतं. एवढी गोष्ट पुरी वाचा, मंग काय ते ठरवा."

बोलून गेल्यावर नरहरपंतांचं लक्ष उघडलेल्या पानाकडे गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

गोष्ट प्लेगची होती. गाठ आलेल्या म्हातारीच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून घरचे रानातल्या झोपड्यांत राहायला जातात. म्हातारी एकटीच मरते. साथ ओसरल्यावर घरचे परततात, आणि रोज तिन्हीसांजेला ती बाहेरून कडी वाजवते. लेकाला हाक मारून दार उघड म्हणते.

वाचता वाचता भुताचा आवाज गळून रामरावांचा स्वतःचा आवाज लागला. मग तोही थांबला. साथीत त्यांनी आईला असंच मागे ठेवलं होतं. निम्म्या गावानं तेच केलं होतं, म्हणून कुणी कुणाला विचारत नसे.

बद्रीशेटचं हसू विरलं. नरहरपंतांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"काढून टाका सगळी," पुस्तक मिटून रामराव म्हणाले. जाता जाता ते उंबऱ्यात थांबले, पाठमोरेच.

"शेवटी उघडतात का हो दार?"

नाही उघडत. शेवटच्या ओळीपर्यंत नाही. त्यातच त्या गोष्टीचं मोल आहे, असं नरहरपंत आजवर ज्याला त्याला सांगत आले होते.

"उघडतात," ते म्हणाले. "लेक उघडतो. आत घेतो तिला."

"बरं केलं," म्हणून रामराव पायऱ्या उतरले.

बद्रीशेट पुस्तकं गोणीत भरू लागले. नरहरपंतांनी त्यातून ते एक ओढून घेतलं.

"हे ऱ्हाऊ द्या. घरी नेऊन जाळतो."

"जाळता? आत्ता तर ह्याच्यापायी भांडून राह्यले होते तुम्ही!"

नरहरपंतांनी पुस्तक उपरण्यात गुंडाळलं. रामरावांच्या घरचा गूळ आणि साखर बद्रीशेटच्याच दुकानातून पुड्यांत बांधून जात असे.